कमर्शियल पायलटची तोंडी परीक्षा: एक्झॅमिनर नेमकं काय तपासतो?

अमेरिकेत कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळवायचं तर शेवटी एक प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. सगळे तिला चेकराइड म्हणतात. तिचे दोन भाग असतात: आधी टेबलाशी बसून साधारण दोन तासांची तोंडी, मग विमानात. तोंडीत अडकलात तर बहुतेक वेळा त्या दिवशी विमान जागचं हलत नाही.

चेकराइडपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याचा विमानावर हात बसलेला असतो. लँडिंगची त्याला धास्ती नसते. त्याची गाडी अडते ती अशा प्रश्नावर:

"ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, मला आणि माझ्या दोन भागीदारांना २०० मैलांवर मीटिंगला नेऊन आण. विमान तू भाड्याने घे, भाडं आणि तुझी फी मी देतो. आज तुम्हाला कमर्शियल लायसन्स मिळालं असं धरा. उद्या जाल का?"

"हो, आता मला पैसे घेता येतात ना," असं उत्तर आलं की एक्झॅमिनर पेन खाली ठेवून आणखी खोलात शिरतो, कारण हे उड्डाण बेकायदेशीर आहे. ते का, हे ज्याला नीट सांगता येतं त्याची या परीक्षेची निम्मी तयारी झालेली असते. प्रायव्हेट, म्हणजे पैसे न घेता उडण्याच्या लायसन्सची तोंडी आणि ही तोंडी यांतले विषय बरेचसे सारखेच आहेत. फरक आहे तो पैशाने आणलेल्या जबाबदारीचा, आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्न फिरून तिथेच येतो.

## परीक्षा कोण घेतं, कशाच्या आधारे घेतं

अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था म्हणजे एफएए. बहुतेक चेकराइड तिचे कर्मचारी घेत नाहीत. एफएएने नेमलेले अनुभवी पायलट त्या घेतात. त्यांना डीपीई म्हणतात, आपण इथे एक्झॅमिनर म्हणू. एक्झॅमिनरला मनाला येईल ते विचारता येत नाही. एसीएस नावाचा एक दस्तऐवज त्याला बांधून ठेवतो. कमर्शियल विमानांसाठीची त्याची सध्याची आवृत्ती, ७बी, ३१ मे २०२४ पासून लागू आहे. ती एफएएच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. इतकं असूनही कित्येक विद्यार्थी ती न वाचताच परीक्षेला बसतात, याचं वाईट वाटतं. प्रश्नपत्रिकेचा आराखडाच हातात दिलेला असताना तो न उघडणं परवडणारं नाही.

एसीएसमध्ये प्रत्येक विषयाचे तीन पदर आहेत: ज्ञान, धोक्याचं व्यवस्थापन आणि कौशल्य. तोंडीतला मोठा भाग पहिल्या प्रकरणातून, म्हणजे उड्डाणापूर्वीच्या तयारीतून येतो. पायलटची पात्रता, विमानाची उड्डाणयोग्यता, हवामान, लांब पल्ल्याच्या उड्डाणाचं नियोजन, हवाई क्षेत्र, विमानाची कामगिरी आणि मर्यादा, यंत्रणा, मानवी घटक असे त्याचे भाग आहेत.

लेखी परीक्षेत चुकलेला प्रत्येक प्रश्न तुमच्या निकालपत्रावर एका कोडच्या रूपात छापलेला असतो आणि तो कोड एसीएसमधल्या नेमक्या मुद्द्याकडे बोट दाखवतो. ते मुद्दे एक्झॅमिनरने विचारायचेच असतात. तुमच्या इन्स्ट्रक्टरनेही ते पुन्हा शिकवून लॉगबुकमध्ये तशी सही करायची असते, तिला एंडॉर्समेंट म्हणतात. म्हणजे तोंडीतले काही प्रश्न तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. तयारी तिथूनच सुरू करा: प्रत्येक कोड एसीएसमध्ये शोधा, समोर नियम किंवा पुस्तकातलं पान लिहा आणि ते मोठ्याने समजावून सांगता येतंय का ते पाहा.

## पैसे घ्यायची परवानगी आणि धंदा करायची परवानगी

कमर्शियल पायलटचे अधिकार नियम ६१.१३३ मध्ये आहेत. हे लायसन्स असलेला पायलट मोबदला घेऊन माणसं किंवा माल नेणाऱ्या विमानाचं सारथ्य करू शकतो, पण त्या प्रकारच्या उड्डाणाला लागू असलेल्या इतर नियमांप्रमाणे तो पात्र असला तरच. सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे.

बसचालकाचा परवाना असलेल्या माणसाला बस कंपनी पगारावर ठेवू शकते. पण त्याच परवान्यावर त्याने स्वतः बस भाड्याने घेऊन तिकिटं विकायला सुरुवात केली तर ते चालत नाही, कारण प्रवासी वाहतूक करायला कंपनीला वेगळी परवानगी लागते. कमर्शियल लायसन्सचंही तसंच आहे. लायसन्स तुम्हाला नोकरीला पात्र करतं. लोकांना ठिकठिकाणी पोचवण्याचा व्यवसाय करायचा तर एफएएकडून वेगळं ऑपरेटिंग सर्टिफिकेट लागतं. छोट्या चार्टर कंपन्यांसाठी ते साधारणपणे एफएएच्या नियमावलीतल्या पार्ट १३५ खाली येतं, एअरलाइनसाठी पार्ट १२१ खाली.

हे सर्टिफिकेट कधी लागतं? त्यासाठी 'कॉमन कॅरेज' ही कल्पना समजायला हवी. एफएएच्या १२०-१२ए या मार्गदर्शक परिपत्रकात तिचे चार घटक दिले आहेत: आपण सेवा द्यायला तयार आहोत असं लोकांना कळू देणं, माणसं किंवा माल नेणं, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणं, आणि मोबदला घेणं. चारही घटक एकत्र आले की ते कॉमन कॅरेज, आणि सर्टिफिकेटशिवाय ते करता येत नाही.

पहिल्या घटकाला 'होल्डिंग आउट' म्हणतात. तिथेच विद्यार्थी सर्वाधिक चुकतात. त्यांना वाटतं, होल्डिंग आउट म्हणजे जाहिरात. पण जाहिरात केलीच पाहिजे असं नाही. "अमक्याला सांगा, तो नेऊन सोडतो" अशी ख्याती पसरली आणि तुम्ही येणाऱ्याला नेत राहिलात, तरी ते होल्डिंग आउटच. फ्लाइटनाऊ नावाच्या संकेतस्थळाचं प्रकरण इथे सांगण्यासारखं आहे. प्रायव्हेट पायलट आपली ठरलेली उड्डाणं त्यावर टाकत आणि खर्च वाटून घ्यायला तयार असलेले प्रवासी त्यांना जोडले जात. नफा कुणी घेत नव्हतं. तरीही एफएएने याला होल्डिंग आउट ठरवलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एफएएचं म्हणणं उचलून धरलं.

मोबदल्याची व्याख्याही एफएए फार रुंद धरते. पेट्रोलचे पैसे कुणी भरले, फुकटात उड्डाणाचे तास लॉगबुकमध्ये चढले, पुढे काम मिळेल या आशेने कुणाला नेलं, हे सगळं मोबदल्यात धरलं जाऊ शकतं. "मी नफा घेतला नाही" हे उत्तर त्यामुळे पुरत नाही.

## मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय?

तिथे दुसरी एक कल्पना कामाला येते, ऑपरेशनल कंट्रोल. उड्डाण सुरू करायचं, कसं पार पाडायचं, कधी थांबवायचं हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, एवढाच तिचा अर्थ. विमान आणि पायलट दोन्ही एकाच बाजूने आले तर त्याला वेट लीज म्हणतात, आणि ऑपरेशनल कंट्रोल सहसा पुरवणाऱ्याकडेच राहतो. नुसतं विमान दिलं आणि पायलट गिऱ्हाइकाने स्वतः शोधला, तर ते ड्राय लीज.

त्या गृहस्थांसाठी विमानही तुम्हीच मिळवणार आणि चालवणारही तुम्हीच. म्हणजे तुम्ही सर्टिफिकेट नसताना चार्टर सेवा पुरवताय. आता प्रश्न थोडा बदलू. गृहस्थांच्या कंपनीकडे स्वतःचं विमान आहे, त्याची देखभाल आणि विमा कंपनी बघते, आणि ते तुम्हाला फक्त ते चालवायला बोलावतात. हे चालेल. त्यांनी स्वतः, तुमच्या मध्यस्थीशिवाय, दुसऱ्याकडून विमान ड्राय लीजवर घेतलं आणि उड्डाणाची जबाबदारीही घेतली, तरी चालेल. पण लीज करून देणारा तुमचा मित्र आहे आणि "पायलट म्हणून यालाच घ्या" अशी अट आहे, तर ते कागदावर ड्राय आणि प्रत्यक्षात वेट ठरतं. उत्तर देताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: विमान कुणी आणलं आणि पायलट कुणी आणला?

"हे सगळं बेकायदेशीर, मग लायसन्स घेऊन करायचं तरी काय?" हा आक्षेप रास्त आहे आणि एक्झॅमिनरही तो विचारतोच. उत्तर नियम ११९.१(ई) मध्ये आहे. त्यात ऑपरेटिंग सर्टिफिकेट न लागणाऱ्या कामांची यादी आहे: शेतावर फवारणी, बॅनर ओढणं, हवाई छायाचित्रण आणि सर्वेक्षण, पाइपलाइन आणि वीजवाहिन्यांची पाहणी, आगीशी झुंजणं, विमान एका जागेहून दुसरीकडे नुसतं पोचवणं, २५ मैलांच्या परिसरात पॅराशूट उड्या मारणाऱ्यांना वर नेणं. विमानतळावरून उडून २५ मैलांच्या आत फिरवून तिथेच उतरवणारी पर्यटन उड्डाणंही या यादीत आहेत, पण त्यांना नियम ९१.१४७ खाली एफएएचं अनुमतिपत्र लागतं. हे शेवटचं वाक्य विसरू नका, पुढचा प्रश्न त्यावरच येतो. शिकवणंही या यादीत आहे, मात्र इन्स्ट्रक्टरचं वेगळं लायसन्स हवं.

सर्टिफिकेट असलेल्या चार्टर कंपनीत नोकरी हा एक रस्ता आहेच. पण तिथे मुख्य पायलट व्हायला पार्ट १३५ प्रमाणे व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून करायच्या उड्डाणांसाठी किमान ५०० आणि आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या भरवशावर करायच्या उड्डाणांसाठी १,२०० तास लागतात. २५० तासांच्या पायलटला ते दार लगेच उघडत नाही.

आणखी एक बंधन: इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे आयएफआर उडण्याची परवानगी, नसेल तर मोबदला घेऊन प्रवासी नेताना ५० नॉटिकल मैलांपलीकडचं लांब पल्ल्याचं उड्डाण करता येत नाही, आणि रात्री तर कितीही अंतर असो, नेता येत नाही. हे लायसन्सवरच छापून येतं.

## तुम्ही स्वतः पात्र आहात का, हे तारखेनिशी दाखवा

पात्रतेच्या प्रश्नांत मेडिकलचा, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राचा सापळा ठरलेला आहे. पैसे घेऊन उडायला किमान सेकंड क्लास मेडिकल लागतं, आणि कमर्शियल कामासाठी ते १२ कॅलेंडर महिने चालतं. कॅलेंडर महिने म्हणजे दिलेल्या महिन्याच्या अखेरपर्यंत मोजायचं. ३५ वर्षांच्या पायलटला १० मार्च २०२५ रोजी सेकंड क्लास मिळालं असेल, तर त्यावर ३१ मार्च २०२६ पर्यंत त्याला कमर्शियल काम करता येतं. त्यानंतर ते रद्द होत नाही, थर्ड क्लाससारखं वापरता येतं, आणि वय ४० च्या आत होतं म्हणून प्रायव्हेट उड्डाणांसाठी ३१ मार्च २०३० पर्यंत चालतं. चेकराइड द्यायला मात्र थर्ड क्लासही पुरतं. ही तीन उत्तरं वेगवेगळी आहेत आणि विद्यार्थी ती एकमेकांत मिसळतात.

आता तासांचा हिशेब. पार्ट ६१ च्या, म्हणजे कोणत्याही इन्स्ट्रक्टरकडे शिकण्याच्या मार्गाने किमान २५० तास लागतात, मान्यताप्राप्त पार्ट १४१ शाळेतून १९०. एकूण आकडा सगळ्यांचा जुळतो, गोची होते ती आतल्या अटींत. ३०० नॉटिकल मैलांचं जे लांब उड्डाण लागतं, त्यात तीन ठिकाणी लँडिंग हवंच, आणि त्यातलं एक ठिकाण मूळ विमानतळापासून सरळ रेषेत किमान २५० नॉटिकल मैलांवर असायला हवं. मार्गावरून वळणं घेत मोजलेलं अंतर इथे चालत नाही. रात्रीच्या ५ तासांत १० टेकऑफ आणि १० लँडिंग कंट्रोल टॉवर चालू असलेल्या विमानतळावरच हवीत. गेल्या दोन कॅलेंडर महिन्यांत परीक्षेच्या तयारीचे ३ तास इन्स्ट्रक्टरसोबत झालेले हवेत.

एक्झॅमिनर आधी लॉगबुक बघतो. यातली एक जरी अट अपुरी निघाली तर परीक्षा सुरूच होत नाही. ते नापास होणं नसलं तरी मिळायला कठीण असलेली तारीख हातची जाते. म्हणून या अटी देणाऱ्या नियम ६१.१२९ मधली प्रत्येक अट एका कागदावर उतरवा आणि समोर लॉगबुकातली तारीख आणि पान लिहा. आयएक्रा या एफएएच्या ऑनलाइन अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हेही त्याच वेळी पाहा. मधलं नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं भारतीय विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांत सहज होतं.

## हे विमान आज उडवता येईल? सिद्ध करा

एक्झॅमिनर विमानाची देखभाल-नोंदवही तुमच्यासमोर सरकवतो आणि एवढंच म्हणतो. तुम्हाला ती पानं उलटत दाखवायचं असतं: वार्षिक तपासणी गेल्या १२ कॅलेंडर महिन्यांत झाली, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरची २४ महिन्यांत झाली, आपत्कालीन लोकेटर ईएलटीची १२ महिन्यांत झाली, आयएफआर उडायचं असेल तर उंची दाखवणारा अल्टिमीटर आणि त्याला हवेचा दाब पोचवणारी स्टॅटिक यंत्रणा यांची २४ महिन्यांत आणि व्हीओआर या रेडिओ दिशादर्शकाची ३० दिवसांत झाली. शिवाय एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेसाठी सक्तीचे दुरुस्तीचे आदेश, पाळले गेले आहेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मेकॅनिकजवळ बसून हे प्रत्येक पान शोधा आणि रंगीत चिकटपट्ट्या लावा. पहिल्यांदाच नोंदवही उघडणारा विद्यार्थी दहा मिनिटं पानं चाळत बसतो आणि तिथेच त्याचा धीर सुटतो.

कमर्शियलच्या तोंडीत १०० तासांची तपासणी फार घोळली जाते. ती प्रत्येक विमानाला लागत नाही. मोबदला घेऊन प्रवासी नेले, किंवा इन्स्ट्रक्टरने स्वतः पुरवलेल्या विमानात पैसे घेऊन शिकवलं, तर लागते. विद्यार्थ्याचं स्वतःचं विमान असेल आणि इन्स्ट्रक्टर फक्त शिकवायला आला असेल तर लागत नाही. शाळेने विमान आणि इन्स्ट्रक्टर दोन्ही दिले तर लागते. विमान आणि माणूस एकाच बाजूने आले का, हा मघाचाच प्रश्न इथे पुन्हा भेटतो, आणि ते एक्झॅमिनरला दाखवून दिलंत तर तुमची समज त्याला दिसते.

तपासणी जिथे होणार तिथे पोचण्यापुरती १०० तासांची मर्यादा १० तासांपर्यंत ओलांडता येते, पण जादा वापरलेले तास पुढच्या शंभरातून वजा होतात. तपासणी २,३०० तासांवर व्हायची होती आणि २,३०४ वर झाली, तर पुढची २,४०० वरच, २,४०४ वर नाही. वार्षिक तपासणी १०० तासांच्या जागी चालते. उलटं चालत नाही, कारण वार्षिक तपासणीवर सही करायला मेकॅनिककडे तपासनिसाचा वेगळा अधिकार लागतो.

मग येतो बंद पडलेल्या उपकरणाचा प्रश्न. रात्रीचं उड्डाण आहे आणि लँडिंग लाइट लागत नाही. जाल? बहुतेक छोट्या विमानांकडे एमईएल, म्हणजे काय बंद असलं तरी चालेल याची मंजूर यादी, नसते. तेव्हा नियम ९१.२१३(डी) प्रमाणे चार ठिकाणी बघायचं: विमानाच्या मूळ मंजुरीत व्हीएफआर दिवसा उड्डाणासाठी ते लागतं का, उत्पादकाच्या उपकरण-यादीत ते आवश्यक आहे का, ९१.२०५ किंवा दुसऱ्या नियमाने ते लागतं का, आणि एखादा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह ते मागतो का. चारही ठिकाणी "नाही" आलं तर उपकरण काढून किंवा निकामी करून त्यावर 'इनऑपरेटिव्ह' अशी पट्टी लावायची, आणि त्याने उड्डाण धोक्यात येत नाही याचा निर्णय घ्यायचा.

लँडिंग लाइटच्या बाबतीत तिसऱ्या पायरीवर उत्तर बदलतं. ९१.२०५ प्रमाणे रात्री लँडिंग लाइट सक्तीचा आहे तो विमान मोबदल्यासाठी चालत असेल तेव्हाच. मित्रांना स्वतःच्या खर्चाने नेणाऱ्या प्रायव्हेट पायलटला नियम अडवत नाही, तुम्हाला अडवतो. पाण्याचंही तसंच: इंजिन बंद पडलं तर हवेत तरंगत किनारा गाठता येणार नाही इतकं दूर, मोबदल्यासाठी उडत असाल, तर प्रत्येकाच्या हाताशी तरंगण्याचं साधन आणि एक तरी पायरोटेक्निक संकेतसाधन विमानात हवं. ही दोन उदाहरणं तोंडावर असू द्या.

## आकडे आले की कारणही सांगा

विमानाच्या कामगिरीवर प्रायव्हेटच्या परीक्षेत "किती?" विचारतात. कमर्शियलमध्ये "किती?" च्या पाठोपाठ "का?" येतो.

सेसना १७२एस घ्या. तिचा मॅन्यूव्हरिंग स्पीड, म्हणजे जोराचे झोत आले तरी सांगाडा धोक्यात येत नाही तो वेग, २,५५० पौंडांना १०५ नॉट आहे, २,२०० पौंडांना ९८, १,९०० पौंडांना ९०. वजन घटलं की हा वेग कमी का होतो? हलक्या विमानाला तेवढ्याच वेगात हवेत राहायला पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, कमी लागतो. म्हणजे स्टॉलच्या, पंखाची उचल मोडते त्या कोनापासून ते दूर असतं. जोराचा झोत आला तर पंख स्टॉल होऊन भार सोडण्याआधी सांगाड्यावर जास्त पट भार येऊ शकतो. म्हणून हलक्या विमानाला आधीच हळू व्हावं लागतं. सूत्रही सोपं आहे: कमाल वजनाच्या वेगाला वजनांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणा. २,२०० ला २,५५० ने भागून वर्गमूळ काढलं की ०.९३ च्या आसपास येतं, आणि १०५ चे ९८ होतात.

सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, पुढे असेल तर स्टॉलचा वेग वाढतो. का? नाक खाली जाऊ नये म्हणून शेपटीला जास्त जोराने खाली दाबावं लागतं, तो दाब पंखालाच पेलावा लागतो, म्हणून पंख आधीच मोठ्या कोनात असतो. मागे असेल तर विमान थोडं वेगवान होतं, पण अस्थिरही, आणि स्पिनमधून, म्हणजे गिरक्या घेत खाली पडण्यातून, बाहेर काढणं अवघड होतं.

डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, तोंडी काढता आली पाहिजे. समजा विमानतळ ५,००० फुटांवर, दाब प्रमाण, तापमान ३० अंश. त्या उंचीचं प्रमाण तापमान १५ मधून दर हजार फुटांना २ अंश वजा करून ५ येतं. फरक २५ अंश, दर अंशाला १२० फूट, म्हणजे ३,००० फूट. विमानाला आपण ८,००० फुटांवर आहोत असं वाटतं. एवढ्यावर थांबू नका. त्या आकड्यावर टेकऑफला किती धावपट्टी लागते ते विमानाच्या हँडबुकमधून काढा, आणि गिऱ्हाइकाने जादा सामान आणलं तर काय सोडाल तेही सांगा.

विमानात करायच्या कसरतींवरही टेबलाशी प्रश्न येतात. एट्स ऑन पायलॉन्स या, जमिनीवरच्या दोन खुणांभोवती आठचा आकडा काढायच्या कसरतीत पंख खुणेवर रोखलेला राहतो ती उंची, पिव्होटल अल्टिट्यूड, म्हणजे नॉटमधल्या जमिनीवरच्या वेगाचा वर्ग भागिले ११.३. १०० नॉटला ती ८८५ फूट येते. १० नॉट वारा असेल तर मागून वारा असताना सुमारे १,०७० फूट आणि समोरून असताना सुमारे ७२० फूट. वजनाचा यात काही संबंध नाही. पुष्कळ जण असतो असं सांगून बसतात.

## यंत्रणा: "बिघडलं तर काय?"

एप्रिल २०१८ पासून एक इंजिनाच्या कमर्शियल चेकराइडला आत ओढता येणारी चाकं असलेलं कॉम्प्लेक्स विमान आणणं सक्तीचं राहिलेलं नाही. म्हणून ज्या विमानात परीक्षा देणार, त्याच्या यंत्रणा पक्क्या हव्यात. डिजिटल कॉकपिटचं विमान असेल तर एएचआरएस बंद पडला की पडद्यावरून विमानाचा कल आणि दिशा जाते, एअर डेटा कॉम्प्युटर बंद पडला की वेग, उंची आणि चढ-उताराचा दर जातो, हे विचारलं जाणारच.

कॉन्स्टंट स्पीड, म्हणजे फिरण्याचा वेग कायम राखणारा प्रोपेलर असेल तर त्याचा नियंत्रक, गव्हर्नर, तेलाचा दाब वापरून पात्यांचा कोन कसा बदलतो हे कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे. बहुतेक एक इंजिनी विमानांत तेलाचा दाब गेला की पाती लहान कोनात जातात आणि आरपीएम वर चढतो. तेव्हा थ्रॉटल मागे घेऊन वेग कमी करायचा. बरीच दोन इंजिनी विमानं याच्या उलट वागतात, पाती वाऱ्याला समांतर होतात. का? एक इंजिन चालू असताना दुसऱ्याचा अडथळा कमीत कमी हवा, आणि एकच इंजिन असताना उरलासुरला जोर मिळत राहायला हवा.

ऑक्सिजनचे आकडे पाठच असू द्या: केबिनची दाबउंची (आतल्या हवेच्या दाबावरून धरलेली उंची) १२,५०० फुटांच्या वर गेली की १४,००० पर्यंत ३० मिनिटांनंतर वैमानिकाला, १४,००० च्या वर पूर्ण वेळ, आणि १५,००० च्या वर प्रत्येक प्रवाशासाठी ऑक्सिजन उपलब्ध हवा.

## हवामान आणि गिऱ्हाइकाचा दबाव

एक्झॅमिनर आदल्या दिवशी तुम्हाला एक लांबचं उड्डाण आखायला देतो: इतकी माणसं, इतकं सामान, अमुक ठिकाणी अमुक वेळेला पोचायचं. त्यात काहीतरी अडचण पेरलेली असू शकते, बहुतेक वेळा वजनात नाहीतर इंधनात. आखणी करताना ती सापडली तर लपवू नका, "असं जमत नाही, म्हणून मी असा बदल केला" असं सांगा. विमानतळासाठीचा टीएएफ हा अंदाज त्याच्या केंद्रापासून फक्त ५ मैलांच्या परिसराचा असतो, हे आठवणीत ठेवा. तुमचं ठिकाण त्याच्याबाहेर असेल तर दुसरे स्रोत कोणते, ते तयार हवेत.

मानवी घटकांवरची उत्तरं विद्यार्थी फार पुस्तकी देतात. पाच धोकादायक वृत्तींची नावं सांगणं सोपं आहे. एक्झॅमिनरला ऐकायचं असतं, की पैसे देणारा माणूस घड्याळ दाखवत उभा आहे, ढग खाली येतायत, आणि नकार दिला तर काम जाईल अशी भीती आहे, तेव्हा तुम्ही काय कराल. उड्डाणाआधीच गिऱ्हाइकाला कोणत्या मर्यादा सांगून ठेवाल, पर्यायी विमानतळ कोणता, आणि कोणत्या आकड्याला परत फिराल, असं ठोस उत्तर द्या.

## पुस्तक उघडलं तर अज्ञान दिसेल का?

नाही, पण कशासाठी उघडता यावर अवलंबून आहे. आणीबाणीची पहिली पावलं, महत्त्वाचे वेग, विमानाच्या मर्यादा आणि तुमचे स्वतःचे अधिकार हे न बघता यायला हवं. ११९.१(ई) मधली यादी, एखाद्या तपासणीचा तपशील, नकाशावरचं दुर्मिळ चिन्ह हे बघून सांगितलं तर हरकत नसते. "मला वाटतं नियम असा आहे, ९१.२१३ मध्ये खात्री करून घेतो," असं म्हणून अर्ध्या मिनिटात ते पान काढणारा उमेदवार विश्वासार्ह वाटतो. दर प्रश्नाला पुस्तकाकडे धावणारा वाटत नाही.

प्रश्न संपला की उत्तर द्या आणि थांबा. घाबरलेला माणूस बोलत राहतो आणि विचारलं नव्हतं ते चुकीचं सांगून नवा प्रश्न ओढवून घेतो. प्रश्न समजला नसेल तर वेगळ्या शब्दांत विचारायची विनंती करायला संकोच नको.

सराव मोठ्याने आणि इंग्रजीतच करा. मनात मराठीत पक्कं समजलेलं टेबलाशी इंग्रजीत मांडताना अडखळतं, आणि एक्झॅमिनरला अडखळणं दिसतं, मागची समज दिसत नाही. शेवटच्या आठवड्यात, ज्याने तुम्हाला शिकवलं नाही अशा इन्स्ट्रक्टरकडून दोन तासांची पूर्ण सराव-तोंडी घ्या. तुमच्या नेहमीच्या इन्स्ट्रक्टरला तुमची अर्धवट उत्तरं सवयीने समजतात.

## निकाल तीन प्रकारचे असतात

पास झालात तर तात्पुरतं लायसन्स तिथेच मिळतं, ते १२० दिवस चालतं, तोवर कायमचं कार्ड टपालाने येतं. तोंडी नीट पार पडली पण हवामानामुळे उडता आलं नाही, तर लेटर ऑफ डिस्कंटिन्यूअन्स मिळतं. ते नापासाचं पत्र नाही. ६० दिवसांत परत आलात तर झालेला भाग धरला जातो.

तोंडीत एखाद्या विषयात कमी पडलात तर नोटीस ऑफ डिसअप्रूव्हल मिळते आणि कोणत्या विषयात कमी पडलात ते त्यावर लिहिलेलं असतं. अशा वेळी तुम्ही आणि एक्झॅमिनर दोघंही तयार असाल तर उरलेली परीक्षा त्याच दिवशी पुढे चालू ठेवता येते. डोकं शांत असेल आणि हवा चांगली असेल तर ठेवावी, कारण पास झालेले विषय ६० दिवस जमा राहतात आणि फेरपरीक्षेला काम कमी उरतं. फेरपरीक्षेआधी इन्स्ट्रक्टरने कमी पडलेला विषय पुन्हा शिकवून ६१.४९ ची नवी एंडॉर्समेंट द्यावी लागते. ६० दिवस उलटले तर सगळी परीक्षा पहिल्यापासून. मुदतीत गेलात तरी एक्झॅमिनर आधी पास झालेल्यातलं काहीही पुन्हा विचारू शकतो, म्हणून मधल्या काळात फक्त नापास विषयच वाचत बसू नका, आणि ती नोटीस नव्या अर्जासोबत न्यायला विसरू नका.